कालवाच्या पोटातलं प्लास्टिक

श्रोतेहो, नमस्कार. पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या बुचाचा नखाएवढा तुकडा कापून पेलाभर पाण्यात टाका. बोटानं एकदा बुडवा, नाहीतर कोरडा तुकडा उगाच वर अडून राहतो. बूच पुन्हा वर येईल, बाटली तळाला जाईल. बूच पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिथिलीनचं, पाण्याहून हलकं. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, पाण्याच्या सुमारे १.३८ पट जड. आणि कपड्यांतलं पॉलिएस्टर म्हणजे हेच पेट!

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. कुठला कण कोणाच्या तोंडी पडणार, हे बरंचसं या वजनावर ठरतं. नदीत धुणं धुतल्यावर सुटलेले पॉलिएस्टरचे धागे गाळात बसतात, तिथल्या अळ्यांच्या आणि शिंपल्यांच्या वाट्याला येतात. हलके कण वर राहतात खरे, पण त्यांच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढला की तेही बुडतात.

खाडीतलं कालव घ्या. ते कल्ल्यांवरचे बारीक केस हलवून पाणी आत ओढतं, आलेले कण चिकट स्रावात घोळवतं, निवडतं, नको ते बाहेर टाकतं. पण दोन-चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा प्लास्टिकचा कण त्याला शेवाळाच्या पेशीसारखाच लागतो. फ्रान्समध्ये कालवांना दोन महिने असे पॉलिस्टायरीनचे मणी दिले. २०१६ साली निष्कर्ष छापून आले: अंडी ३८ टक्क्यांनी कमी, पिल्लं ४१ टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे खाणं घटलंच नव्हतं, किंचित वाढलं होतं. शक्ती प्रजननाकडून दुसरीकडे वळली होती. अर्थात ते मणी गोल, एकसारखे. समुद्रात असतात धागे आणि फाटके तुकडे. म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्या खाडीला लावू नयेत.

मोजण्यातही गोची आहे. गाळातलं प्लास्टिक वेगळं करायला मिठाचं दाट पाणी वापरतात. पण मीठ कितीही घाला, ते साध्या पाण्याच्या १.२ पटीपलीकडे जड होत नाही. त्यात नायलॉन तरंगतं, पॉलिएस्टर तळाशीच राहतं. ‘धागे फारसे नाहीत’ असा अहवाल आला तर आधी विचारावं, मीठ कुठलं होतं? झिंक क्लोराइड या दुसऱ्या मिठाच्या दाट द्रावणात पॉलिएस्टरही वर येतं. शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवतात; तपासणाऱ्याच्या बाहीतून किती धागे गळाले ते तिच्यात दिसतं.

आता ताटातलं. बांगड्याचं पोट आपण साफ करतो. कालवं, तिसऱ्या, सुका जवळा मात्र पोटासकट खातो. जिवंत तिसऱ्या वाळू टाकायला मिठाच्या पाण्यात ठेवतोच, त्यासोबत काही प्लास्टिकही बाहेर पडतं. लिटरला साधारण ३० ग्रॅम मीठ घ्या, पाणी जेमतेम बुडण्याइतकं ठेवा आणि तिसऱ्या चाळणीत ठेवून चाळणी पातेल्यात बसवा. थेट तळाला ठेवल्या, की टाकलेलंच पुन्हा ओढून घेतात. पाणी मध्ये एकदा बदला.