प्लेअरनं आधी वाजवावं

नमस्कार मंडळी. विषय दिलाय जुन्या कॉम्प्युटरवर गाणी अन् व्हिडिओ सुरळीत कसे चालवायचे. ते सांगणारच आहे, पण आधी आमच्या घरच्या कानबाईचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचं सांगतो, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार, कानबाई बसलेली, नैवेद्याचे रोट झालेले, रात्री जागरणाला घर भरलेलं. आता खान्देशात बसून तुम्हाला कानबाई काय सांगायची! तर माझ्या आजीनं म्हटलेली कानबाईची गाणी वडिलांनी टेपवर भरून ठेवली होती, ९० मिनिटांची कॅसेट. आजी गेली, टेपही बिघडला, मग मी दुसऱ्याचा टेप आणून, वायर लावून, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजू रेकॉर्ड केल्या अन् एमपीथ्री करून ठेवल्या. मधे कुठं आजी खोकते, मागे कोंबडा आरवतो, ते मी काढलं नाही. काढायचं नसतंच ते.

त्या रात्री सगळ्या बाया बसल्यात, आत्या पुढं बसलीय, मी फाईलवर डबल क्लिक केलं. गोल फिरायला लागलं. मग खिडकी आली, अकाउंट बनवा. ती बंद केली तर म्हणे लायब्ररी, म्हणजे सगळ्या गाण्या-व्हिडिओंची यादी, अपडेट होतेय, आणि ते प्लेअरचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधला प्रत्येक फोल्डर उपसत बसलं, लग्नाचे व्हिडिओ, पोरांच्या ऑनलाईन शाळेची रेकॉर्डिंगं, सगळं. हार्ड डिस्क करकर करतेय. काकू मागून विचारते, काय व्हयनं रे भाऊ? काय सांगू तिला? चार-पाच मिनिटांनी आजीचा आवाज आला तो तुटत तुटत, एक शब्द आला की दोन गायब. आत्या उठून आत चुलीपाशी गेली. ते मला अजून लागतं.

मी म्हटलं मशीन जुनं झालं. दुकानात गेलो तर तोही म्हणाला नवीन घ्या. पण हिशोब करून बघा ना. कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, १२८ केबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट धरून, तिची फाईल होते साधारण ४३ एमबी, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक एमबी वाचायचा अन् उलगडायचा. हे काम १९९७ मध्ये विनॅम्प हा गाण्यांचा प्लेअर आला तेव्हाचे पेंटियम करत होते! माझ्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे. म्हणजे ओझं गाण्याचं नव्हतंच, ओझं होतं लायब्ररीचं, कव्हरच्या चित्रांचं, प्लेअरमधल्या गाणी विकायच्या दुकानाचं, आणि आत कोंबलेल्या अख्ख्या ब्राउझरचं. डिस्क त्यात गुंतलेली, मग गाणं तुटणारच.

आणि हे आजचं नाही बरं का. विनॅम्पवाल्यांनीच २००२ ला तिसरी आवृत्ती नव्यानं लिहिली, ती जड झाली, लोक दुसरीलाच चिकटून राहिले, शेवटी २००३ च्या डिसेंबरात दोन अन् तीन मिळून पाच नंबरची काढली. लोकांनी जुनं सोडलं नाही म्हणून बनवणाऱ्याला मागं वळावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सर घड्याळ दाखवताहेत, दहाच मिनिटं म्हणे, मग पटापट सांगतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप बघा, तिथं प्लेअरचे मदतनीस अन् अपडेटर दिसले की डिसेबल करा, गाणी वाजायची थांबत नाहीत. नुसत्या गाण्यांना फूबार२००० हा प्लेअर घ्या, लहानसं आहे, लायब्ररी लावायची की नाही ते तुमच्यावर. व्हिडिओला व्हीएलसी, पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ ला सुरू केलेलं, २००१ पासून सगळ्यांना खुलं, कोडेक, म्हणजे फाईल उलगडणारे छोटे प्रोग्राम, त्याच्या आतच असतात म्हणून वेगळे पॅक भरू नका. ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या साईटवरूनच घ्या, गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीतून नको. मग सेटिंगमध्ये जाऊन डिफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारा प्लेअर, बदला, नाहीतर डबल क्लिकला जुनाच उठतो.

एक राहिलं. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ अडकत असेल तर प्लेअरला दोष देऊ नका, तो बहुतेक एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबून भरलेल्या प्रकारचा असतो, आणि २०१५ च्या आधीच्या बहुतेक इंटेल चिपमध्ये तो उलगडायची सोयच नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून रात्रभरात एच२६४ या जुन्या, हलक्या प्रकारात करून ठेवा, मूळ फाईल मात्र पुसू नका.

पुढच्या श्रावणात आत्याला परत समोर बसवलं. क्लिक केलं अन् लगेच आजी खोकली, मग गायला लागली. पूर्ण बाजू ऐकली आत्यानं.

आता मी बाहेर व्हरांड्यात बसतो, टेप अन् वायर सोबत आणलीय. कुणाकडं आईच्या, आजीच्या कॅसेटी असतील तर घेऊन या, बुरशी लागलेली असली तरी आणा.