सीट निवडण्याआधी विमान ओळखा

(दृश्य: कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ. थांबलेलं एटीआर विमान. शेपटीखालचा दांडा जवळून.)

विमानाच्या शेपटीखाली लावलेला हा दांडा नीट बघा. माणसं चढत-उतरत असताना वजन एकदम मागे गेलं, तर शेपटी जमिनीला टेकू नये म्हणून तो लावतात. या विमानात प्रवाशांचं दार मागे आहे, डाव्या बाजूला. चढायचं मागून आणि उतरायचंही मागूनच. पुढे, वैमानिकांच्या खोलीमागे, सामानाचा मोठा कप्पा आहे.

कोल्हापूर–हैदराबाद मार्गावर इंडिगो वापरते ते हे एटीआर ७२, अठ्ठ्याहत्तर आसनांचं. सीट निवडताना बहुतेक जण 'जितकी पुढे तितकी चांगली' असं धरून चालतात. मोठ्या विमानात ते बरंचसं खरं आहे, पण इथे पहिल्या रांगेतला माणूस सगळ्यात शेवटी उतरतो. पुढच्या सीटसाठी पैसे भरून शेवटी उतरायचं, हे टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी सीटच्या नकाशाला बोट लावण्याआधी विमान कोणतं आहे ते बघावं लागतं.

ते कळतं कसं? तिकीट काढताना फ्लाइटच्या तपशिलात विमानाचा प्रकार दिलेला असतो. इंडिगोच्या एटीआरचा फ्लाइट क्रमांक बहुधा सातने सुरू होणारा चार आकडी असतो. आणि नकाशा उघडल्यावर तर लगेच समजतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच सीट दिसल्या, की विमान लहान आहे. तीन-तीन दिसल्या, तर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ च्या घरातलं.

(दृश्य: मोबाइलवर सीटचा नकाशा. बोट खाली सरकतं.)

दोन-दोनच्या रांगेत मधली सीटच नसते. स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ मध्येही इकॉनॉमीत हीच रचना आहे. एकूण ७६ आसनं. म्हणजे अशा विमानात एक पैसा जास्त न देता मिळणारी सगळ्यात वाईट सीटसुद्धा एक तर खिडकीची असते किंवा वाटेकडची. एकटा माणूस, तासाभराचा प्रवास, हातात एक बॅग: आमचं स्पष्ट मत असं की एवढ्यासाठी सीटचे पैसे भरू नयेत. नकाशाच्या पानावर खाली 'स्किप' असं बारीक अक्षरात असतं. तिकीट काढताना सीट निवडणं सक्तीचं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार पसंतीची सीट ही ऐच्छिक सेवा आहे. प्रवाशाने स्वतःहून मागितली तरच तिचे पैसे लागतात. नाही निवडली, तर वेब चेक-इनच्या वेळी सीट आपोआप मिळते.

पैसे भरायचेच असतील, तर एटीआरमध्ये काय बघायचं?

आधी आवाज. सहा पात्यांचे दोन पंखे पुढच्या भागातल्या रांगांच्या अगदी बगलेला फिरतात. आवाज आणि थरथर तिथे सर्वांत जास्त. खिडकीबाहेर बघावं तर इंजिनाचा फुगीर भाग आडवा येतो. पंख जसे मागे सुटत जातात, तसा आवाज उतरतो. या विमानाचे पंख छपराला जोडलेले आहेत, खिडकीखाली नाहीत. त्यामुळे पंखामागच्या खिडकीतून खालची शेतं, नद्या, तलाव विनाअडथळा दिसतात. अगदी शेवटची रांग मात्र घेऊ नका. टॉयलेट मागेच आहे, हवाई सेविकांची कामाची जागा मागेच आहे, आणि खराब हवेत शेपटीकडचा भाग सर्वांत जास्त हलतो. शेवटून तीन-चार रांगा सोडून पुढे, पंखाच्या थोडं मागे, ही या विमानातली आमच्या पसंतीची जागा.

आता बाजू कोणती? इथे उन्हाचा हिशोब करावा लागतो, आणि तो फुकट आहे.

(दृश्य: नकाशावर कोल्हापूरहून निघणाऱ्या तीन रेषा.)

हैदराबाद कोल्हापूरच्या जवळपास पूर्वेला आहे, किंचित उत्तरेकडे. वर्षातला बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून सरकतो, म्हणून जाताना उजवी बाजू तापते आणि डावी सावलीत राहते. परतीला नेमकं उलट. मे ते जुलैच्या सुमारास सूर्य डोक्यावर किंवा थोडा उत्तरेकडे असतो, तेव्हा फरक फारसा जाणवत नाही. मुंबईला जाताना तोंड उत्तर-वायव्येकडे. सकाळी ऊन उजवीकडून, दुपारनंतर डावीकडून. पण कोकणाची बाजू डावीकडेच आहे. हवा स्वच्छ असेल तर सकाळच्या मुंबई फ्लाइटला डावी खिडकी सावलीही देते आणि सह्याद्रीच्या पलीकडचा उतारही दाखवते. बंगळुरूला निघालात तर सकाळी ऊन डावीकडून येणार, दुपारी उजवीकडून.

रंकाळा तलाव बघायचाय? विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. पश्चिमेचा वारा असताना ते पश्चिमेकडे उठतं, तेव्हा शहर आणि रंकाळा उजव्या हाताला राहतात. पूर्वेकडे उठलं, तर ते मागे पडतात. हे आदल्या दिवशी ठरवता येत नाही, म्हणून एवढ्यासाठी पैसे मोजू नका.

(दृश्य: हैदराबाद विमानतळ. विमानातून उतरून बसकडे जाणारे प्रवासी.)

कोल्हापूरकर हैदराबादला उतरून बऱ्याचदा पुढच्या विमानात बसतो: दिल्ली, चेन्नई. तिकीट एकच असलं तरी सीटचे नकाशे दोन असतात आणि पैसेही दोनदा लागतात. लोक पहिल्या नकाशावर सीट घेतात, पैसे भरतात, आणि दुसऱ्या, लांबच्या प्रवासाचा नकाशा न बघताच पुढे जातात. खरं तर पैसे खर्च करायचेच असतील तर ते दुसऱ्या विमानात करावेत, कारण मधली सीट तिथे आहे आणि वेळही तिथेच जास्त जातो.

पटकन उतरण्याचं गणितही तिथे वेगळं. विमान लांब उभं राहिलं आणि बसने टर्मिनलला जायचं असलं, तर पहिलं उतरून फारसं काही मिळत नाही. बस भरेपर्यंत उभंच राहावं लागतं. अशा जागी पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं उघडतात, म्हणून सर्वांत उशीर मधल्या रांगांना होतो. इंडिगोने तर २०२२ मध्ये पुढची दोन आणि मागचं एक, अशी तीन दारं उघडायला सुरुवात केली. विमान एअरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलला जोडणाऱ्या बंद पुलाला लागलं, तर मात्र पुढच्याच दारातून बाहेर पडायचं असतं, आणि तिथे पुढच्या रांगेचे पैसे वसूल होतात. पुढचं विमान गाठायला वेळ कमी असेल तर हा खर्च करावा. चेक-इन केलेल्या बॅगेची पट्ट्यावर वाटच बघायची असेल, तर करू नये.

एअरबस ३२० च्या नकाशावर काही सीट महाग दिसतात. पंखावरच्या आणीबाणीच्या दारांजवळच्या दोन रांगा त्यांतल्याच. पाय पसरायला इथे खरोखर जागा असते, पण अटी वाचून घ्या. लहान मूल, गरोदर बाई, व्हीलचेअर घेतलेले किंवा दार उघडायला मदत करू न शकणारे प्रवासी यांना तिथे बसवत नाहीत. पैसे भरलेले असले तरी उठवतात. विमान उडताना-उतरताना पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. आणि या दोन रांगांपैकी पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, नाहीतर मागच्या दाराची वाट अडेल. पहिल्या रांगेत समोर कुणी नसतं, पण जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेला असतो. तो दांडा वर होत नाही, आणि अंगाने भरलेल्या माणसाला सीट आवळल्यासारखी होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा कुठलीही वाटेकडची सीट बरी.

बोइंग ७३७ मध्ये एक फसवी जागा आहे. पंखाच्या थोडं पुढे, डाव्या बाजूला एका रांगेत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, कारण वातानुकूलनाची नळी तिथून वर जाते. नकाशावर मात्र ती 'विंडो' म्हणूनच दिसते. दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास डावी खिडकी घेताना जपून.

(दृश्य: घरात मोबाइलवर वेब चेक-इन.)

फुकटात चांगली सीट मिळवायची तर वेळ सांभाळावी लागते. इंडिगोचं देशांतर्गत वेब चेक-इन उड्डाणाच्या ४८ तास आधी उघडतं आणि ६० मिनिटं आधी बंद होतं. उघडल्या-उघडल्या गेलात तर बिनपैशांच्या सीटमध्ये जास्त निवड असते. काही लोक मुद्दाम उशिरा करतात. विकल्या न गेलेल्या महागड्या सीट शेवटी कुणाला तरी द्याव्याच लागतात, हा त्यांचा हिशोब. तो कधी कधी जमतो, पण धोका मोठा आहे. विमान क्षमतेपेक्षा जास्त विकलं गेलं असेल, तर सीट न मिळण्याची वेळ बहुतेक उशिरा आलेल्यावर येते. अशा प्रवाशाला एका तासाच्या आत निघणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा मिळाली नाही, तर डीजीसीएच्या नियमांत भरपाई आहे. चोवीस तासांच्या आतलं विमान दिलं, तर मूळ भाडं व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. पण लग्नाला किंवा मुलाखतीला निघालेल्या माणसाला त्या पैशांचा काय उपयोग?

तीन-तीनच्या विमानात जोडप्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. एकाने खिडकी घ्यायची, दुसऱ्याने त्याच रांगेतली वाटेकडची. मधली एकटी सीट कुणी आवडीने घेत नाही. विमान भरलेलं नसेल तर ती रिकामी राहते. कुणी आलंच, तर नम्रपणे विचारायचं, "दादा, आम्ही दोघं बरोबर आहोत. तुम्हाला खिडकी चालेल का?" नाही म्हणणारा माणूस विरळा. एटीआरमध्ये या युक्तीला जागाच नाही.

मुलं बरोबर असतील तर एक हक्क लक्षात ठेवा. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या. अट एकच: दोघं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवेत. चुकतं ते इथेच. स्वस्त पडतं म्हणून किंवा घाईत, आई-बाबांचं तिकीट एका पीएनआरवर आणि आजी व नातवाचं दुसऱ्यावर निघतं. मग आईपासून मूल दहा रांगा लांब. संगणकाला नातं कळत नाही, त्याला पीएनआर कळतो. घरातल्या सगळ्यांचं तिकीट एकत्र काढा. तरीही मूल वेगळं पडलं, तर विमानात चढेपर्यंत थांबू नका. काउंटरवरच बोला, तिथे बदलणं सोपं असतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कौतुकाने खिडकी दिली जाते. पण आजोबांना दर तासाला उठावं लागत असेल, तर खिडकीतून दोघांना ओलांडून बाहेर येणं त्यांना संकोचाचं होतं. मग ते पाणीच पीत नाहीत. त्यांना वाटेकडची सीट द्या. एटीआरमध्ये तीही मागच्या अर्ध्या भागात, दार आणि टॉयलेट दोन्ही जवळ.

(दृश्य: सुरक्षा तपासणी. पट्ट्यावरून जाणाऱ्या बॅगा.)

सीट चांगली मिळूनही प्रवास बिघडतो तो सामानामुळे. एटीआरचे डोक्यावरचे कप्पे लहान आहेत. मोठ्या विमानात चालणारी चाकांची बॅग इथे बसेलच असं नाही. मग ती विमानाजवळच काढून घेतात आणि खाली ठेवतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर असं सगळं एका मऊ पिशवीत वेगळं ठेवा, म्हणजे ते पायाशी बसतं. कांदा-लसूण मसाला आणि तिखट चेक-इनच्या बॅगेत घाला, आणि सुकं खोबरं तर विमानात नेऊच नका. तपासणीत बॅग उघडायला लागली की तुम्ही शेवटी चढता, आणि तोवर तुमच्या डोक्यावरचा कप्पा दुसऱ्याच्या बॅगेने भरलेला असतो.

विमानात चढल्यावर जागा रिकामी दिसली म्हणून लगेच उठून जाऊ नका. लहान विमानात पुढे-मागे किती माणसं बसली आहेत, यावर त्याचा तोल मोजलेला असतो. आधी विचारा: "ताई, तिकडे बसलं तर चालेल का?" कधी कधी त्याच तोलासाठी सेविका स्वतःहून एखाद्याला मागे किंवा पुढे बसायला सांगतात. तेव्हा वाद घालू नये.

शेवटचं काम आदल्या संध्याकाळी करायचं. कंपनी ऐन वेळी विमानाचा प्रकार बदलू शकते. एटीआरऐवजी एअरबस आलं, की जुना सीट क्रमांक निरर्थक होतो आणि संगणक नवीन क्रमांक देतो. बदलाचा संदेश तिकिटावर नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. एजंटकडून तिकीट काढलं असेल, तर बऱ्याचदा तिथे एजंटचाच क्रमांक असतो, आणि संदेश त्याच्या फोनमध्ये पडून राहतो. तिकीट घेतानाच आपला क्रमांक घालायला सांगा. आदल्या संध्याकाळी पीएनआर टाकून सीट पुन्हा तपासा. पैसे भरून घेतलेली सीट कंपनीने बदलली असेल आणि तशीच दुसरी दिली नसेल, तर भरलेले पैसे परत मागा. मागताना नव्या बोर्डिंग पासबरोबर जुन्या सीटची पावतीही जोडा.