आग्नेयेकडं तोंड करून

मित्रहो, बेळगावच्या टिळकवाडीतून इथं चालत येताना मी गच्च्या बघत आलो. घराघरावर डिश आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांची तोंडं आग्नेयेला. येळ्ळूरला जा, खानापूरला जा, दिशा तीच. आपल्या जुन्या घरांत आग्नेय कोपरा चुलीचा असायचा. आज सगळं गाव त्या दिशेच्या आकाशाकडं तोंड करून का बसलंय, एवढंच मला सांगायचंय.

दूरदर्शनची मोफत डिश घ्या. तिचा जीसॅट 15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोबर वर 35,786 किलोमीटरवर आहे. त्या उंचीवर एक फेरी पुरी करायला 23 तास 56 मिनिटं लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर धावतोय, आपणही खाली फिरतोय, म्हणून तो जागचा हलत नाही असं दिसतं. बेळगावातून तो क्षितिजापासून साधारण 61 अंश वर असतो. डिश बघितली तर ती एवढी वर बघतेय असं वाटत नाही, कारण तिचा आकार तिरक्या कापाचा असतो. ती सरळ समोर दिसली तरी तिची नजर बरीच वर असते. आपल्या आकाशात ध्रुवतारा उत्तरेला जेमतेम 16 अंशांवर, कायमचा एका जागी. दक्षिणेकडं तसं स्थिर काही नव्हतं. ते माणसानं नेऊन ठेवलं.

हे इतकं महत्त्वाचं का, हे मला लहानपणीच्या अँटेनामुळं कळलं. माझं गाव निपाणीजवळ. कौलांवर बांबू, बांबूला ॲल्युमिनियमची अँटेना, आणि मी वर चढून ती कोल्हापूरच्या दिशेनं फिरवत राहायचो. खालून आई ओरडायची, "आलं, आलं... गेलं! परत मुंग्या!" तंबाखूच्या वखारीवरून थकून आलेल्या माणसांना आपल्या भाषेतलं एखादं नाटक बघायचं असायचं आणि पडद्यावर निम्मा वेळ मुंग्या. यात दोष कुणाचा नव्हता. पृथ्वी गोल आहे. शंभर मीटर उंचीच्या प्रक्षेपण मनोऱ्यावरून क्षितिज 36 किलोमीटरवर संपतं, त्यापलीकडं लहरी फारशा पोचत नाहीत. शिवाय मनोरा कुठं उभा करायचा आणि त्यावरून कुठली भाषा बोलायची, हे राज्याराज्यानुसार ठरायचं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण सीमेच्या ज्या बाजूला राहिलो, त्या बाजूला मराठी मनोऱ्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मनोऱ्याच्या 36 किलोमीटरऐवजी 36 हजार किलोमीटर वर गेलं, की पृथ्वीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकदम दिसतो.

आता ज्या उपग्रहानं आपल्याकडचं चित्र पालटलं त्याची हकिगत सांगतो. मला ती फार आवडते. 1984 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून वेस्टार 6 नावाचा उपग्रह सोडला. तो खासगी कंपनीचा, अमेरिकेतल्या दळणवळणासाठी बांधलेला. त्याला वर ढकलणारी मोटर फसली आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. विमा कंपन्यांनी भरपाई दिली आणि उपग्रह त्यांच्या मालकीचा झाला. नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातले अंतराळवीर बाहेर पडले आणि त्यांनी तो अक्षरशः हातांनी धरून यानात घेतला. त्याच वेळी असाच फसलेला दुसरा एक उपग्रहही त्यांनी पकडला. डेल गार्डनर या अंतराळवीरानं तिथंच 'विकणे आहे' अशी पाटी हातात धरली. तो फोटो आजही बघायला मिळतो. वेस्टार खरोखरच विकला गेला. हाँगकाँगच्या कंपनीनं तो घेतला, डागडुजी झाली, आणि 7 एप्रिल 1990 रोजी चिनी लाँग मार्च अग्निबाणानं तो एशियासॅट 1 या नव्या नावानं 105.5 अंशांवर गेला.

त्याच्या लहरींचा एक झोत दक्षिण आशियावर पडत होता. 1991 साली स्टार टीव्ही त्यावरून सुरू झालं, 2 ऑक्टोबर 1992 ला झी. या उपग्रहाचा मालक सरकार नव्हतं. त्यावर 24 ट्रान्सपॉन्डर होते, म्हणजे खालून आलेली लहर घेऊन, तिची वारंवारता बदलून, ताकद वाढवून परत खाली सोडणारी यंत्रं. ती भाड्यानं मिळत. जो भाडं देईल त्याचं बोलणं खाली येणार.

पण भाडं जबर होतं, आणि जुन्या पद्धतीत एका ट्रान्सपॉन्डरवर साधारण एकच वाहिनी बसायची. एवढ्या खर्चात हिंदीचा बाजार परवडायचा, मराठीचा नाही. नव्वदीच्या शेवटी चित्र आकड्यांत बदलून आवळून पाठवायचं तंत्र आलं. त्याच जागेत अनेक वाहिन्या मावू लागल्या, दर वाहिनीमागचं भाडं उतरलं. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. गल्लीतल्या केबलवाल्याच्या जाळीच्या मोठ्या डिशवर ती उतरली आणि आमच्या घरातल्या मुंग्या गेल्या. सीमाभागातल्या घरात मराठी आवाज स्वच्छ आला तो कुणाच्या मेहरबानीनं नव्हे, भाडं उतरलं म्हणून. हे मी मुद्दाम स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडं भाषेचा विचार नेहमी ठरावांच्या आणि मोर्चांच्या अंगानंच होतो. त्यांची गरज आहेच. पण यंत्राचा खर्च कोण भरतं, हेही बघायला हवं.

झोताला चेकपोस्ट नसतं. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं तो सारखाच पडतो. तरीही मी डीटीएच, म्हणजे घरच्या लहान डिशवरची सेवा, घेतली तेव्हा पत्ता कर्नाटकातला म्हणून मूळ पॅकमध्ये एकही मराठी वाहिनी नव्हती. लहर माझ्या गच्चीवर येऊन पडत होती. टीव्हीजवळची सेट टॉप पेटी ती उघडत नव्हती. कन्नड वाहिन्या मला हव्याच आहेत, माझी नातवंडं कन्नड शाळेत जातात. पण आपल्या भाषेसाठी वेगळी विनवणी करावी लागावी, याचा राग मला तेव्हा आला होता आणि अजून आहे. 2019 पासून हवी ती वाहिनी निवडून घ्यायची सोय झाली.

जांबोटी, कणकुंबीची मंडळी इथं बसली आहेत. त्यांची तक्रार मला माहीत आहे: आषाढात टीव्ही बंद. केबलवाल्याची मोठी डिश सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या लहरी झेलायची, त्यांना पावसाचं फारसं वावडं नव्हतं. घरची लहान डिश अडीच सेंटिमीटरच्या लहरींवर चालते. त्या आखूड लहरी मोठ्या सरींमध्ये शोषल्या जातात, विखुरतात. घाटमाथ्याचा पाऊस म्हणजे त्यांच्यापुढं भिंतच. डिश थोडी मोठी आणि नेमकी बसवली तर फरक पडतो, इतकंच. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरअखेर काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास पाचदहा मिनिटं चित्र बिघडतं, त्याचं कारण वेगळं: सूर्य तेव्हा बरोबर उपग्रहामागं येतो आणि डिशला त्याचाच गोंगाट ऐकू येतो.

शेवटचं. हे उपग्रह जागेवर राहतात ते इंधन जाळून. चंद्रसूर्य त्यांना उत्तरदक्षिण ओढतात. पृथ्वीचं विषुववृत्तही अगदी गोल नाही, त्यामुळं ते पूर्वपश्चिमही सरकतात. त्यांना दिलेली जागा साधारण बेळगाव ते निपाणी एवढी रुंद. इंधन संपत आलं की उरलेल्या थेंबांवर त्यांना सुमारे 300 किलोमीटर आणखी वर नेऊन सोडतात. आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठानं ज्या योजनेतून उपग्रहावरून वर्ग भरवले, त्या योजनेचा एज्युसॅट 74 अंशांवर, जवळजवळ आपल्याच रेखावृत्तावर होता. 2010 साली तो असाच वर नेला. ज्यांना वर नेता आलं नाही असे काही बंद पडलेले उपग्रह मात्र विषुववृत्ताच्या एका खोलगट जागेकडं घरंगळत येतात. ती जागा 75 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे धारवाड-हुबळीच्या रेखावृत्तावर. तिच्या अलीकडंपलीकडं ते वर्षानुवर्षं झोके घेत आहेत, आत्ता आपण बोलतोय तेव्हाही.