शून्य घाताची किंमत एक का?

श्रोतेहो, नमस्कार.

सातवी-आठवीच्या गणितात घातांकाचे प्रकरण आले की बरीच मुले पहिल्याच तासापासून नियम पाठ करू लागतात, आणि माझ्या मते अडचण तिथूनच सुरू होते. कारण हे सगळे नियम एकाच साध्या व्याख्येतून निघतात आणि ती मनात पक्की नसेल, तर पाठ केलेले नियम एकमेकांत मिसळून जातात.

एखाद्या संख्येला तिनेच पुन्हा पुन्हा गुणायचे असेल, तेव्हा ती संख्या, म्हणजे पाया, एकदाच लिहितात आणि ती गुणाकारात किती वेळा आली हे सांगणारा घातांक तिच्या उजवीकडे थोडा वर, लहान आकारात लिहितात. २ चा पाचवा घात म्हणजे बे पाचे दहा नव्हे, तर पाच वेळा २ घेऊन केलेला गुणाकार, म्हणजे ३२. आता २ च्या तिसऱ्या घाताला चौथ्या घाताने गुणले, तर आधीचे तीन आणि नंतरचे चार असे सात वेळा २ येतात, म्हणून घातांकांची बेरीज होते. याच दोन संख्या मिळवल्या, तर मात्र ८ आणि १६ मिळून २४ होतात, सातवा घात म्हणजे १२८ नव्हे. भागाकारात घातांक वजा होतात.

मुले खरी अडखळतात ती शून्य घातापाशी. शून्य वेळा २ घेतले, तर उत्तर शून्यच यायला हवे, असे त्यांना वाटते. ही शंका अगदी रास्त आहे आणि ‘नियमच तसा आहे’ असे सांगून ती दडपू नये. कागद जवळ असेल, तर एकाखाली एक लिहा: २ चा चौथा घात १६, तिसरा ८, दुसरा ४, पहिला २. घातांक एकाने कमी झाला की किंमत निम्मी होते. तेव्हा २ च्या खाली १ येणार आणि तोच शून्य घात. आणखी एक पायरी उतरा, घातांक उणे एक होतो आणि किंमत एक द्वितीयांश. पाया शून्य असेल, तर मात्र शून्याने भागावे लागते, म्हणून तिथे हा नियम लावत नाहीत.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’मध्ये एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. आजच्या लेखनात परार्ध हा १० चा सतरावा घात, आणि यादीच्या आरंभीचा ‘एक’ हा १० चा शून्यावा घात ठरतो.

मोठ्या संख्यांचे गणित यामुळे किती सोपे होते, ते पाहा. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ गुणिले १० चा दहावा घात इतके मीटर दूर आहे, आणि प्रकाश सेकंदाला सुमारे ३ गुणिले १० चा आठवा घात इतके मीटर जातो. पंधराला तीनने भागले की पाच, दहातून आठ वजा केले की दोन. म्हणजे ५ गुणिले १० चा वर्ग, अर्थात ५०० सेकंद, साधारण आठ मिनिटे वीस सेकंद.