नंबर निघाला, डोळे तपासायचे राहिले

श्रोतेहो, नमस्कार.

विषयाकडे वळण्याआधी एक विनंती आहे. आपण वाहन चालवत नसाल, तर समोरच्या भिंतीवरचे घड्याळ किंवा दिनदर्शिका असे काहीतरी निवडा, तळहाताने एक डोळा न दाबता हलकेच झाका आणि दुसऱ्या डोळ्याने त्याकडे पाहा. मग हात बदला. चष्मा असेल तर तो तसाच राहू द्या. दोन्ही डोळ्यांना ती वस्तू सारखीच स्पष्ट दिसली का? आपल्या एका डोळ्याला बरेच कमी दिसते, ही गोष्ट अनेकांना अशाच एखाद्या वेळी, बहुधा डोळ्यात कचरा गेला म्हणून चोळताना, अचानक कळते आणि 'कालपर्यंत तर ठीक होते' असे ते सांगतात. कालपर्यंत ठीक नव्हते. चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकत होता, इतकेच.

याचे कारण आपला मेंदू आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, म्हणजे प्रत्येक डोळ्यात जन्मतःच एक आंधळा ठिपका असतो. १७व्या शतकात मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो दाखवून देईपर्यंत कोणाला त्याचा पत्ताही नव्हता, कारण आजूबाजूच्या चित्रावरून मेंदू ती रिकामी जागा भरून काढतो. आजाराने पडलेली भोकेही तो पुष्कळ काळ अशीच बुजवत राहतो. म्हणून 'मला काही त्रास नाही' हे वाक्य डोळ्यांच्या बाबतीत फारसे भरवशाचे नाही.

'आम्ही डोळे तपासून घेतले' असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्षात फक्त चष्म्याचा नंबर काढलेला असतो. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता आजही त्यासाठी वापरला जातो. ६ मीटरवरून जी ओळ निरोगी डोळ्याला वाचता यावी ती आपल्याला वाचता आली, तर दृष्टी ६/६ असे लिहितात. तक्ता उत्तमच आहे. पण तो पडद्याच्या अगदी मधल्या, चिमुकल्या भागाचीच परीक्षा घेतो. सभोवतालचा पडदा, नस, डोळ्यातला दाब यांविषयी तो काहीच सांगत नाही. चाळिशी लागली म्हणून जवळचा चष्मा घ्यायला गेलेला माणूस नंबर घेऊन परततो आणि डोळे तपासून झाले असे समजतो, ही गफलत मला फार महाग वाटते.

ती सर्वांत महाग पडते काचबिंदूत. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पाणी तयार होत असते आणि बारीक जाळीतून निचरा होऊन बाहेर जात असते. निचरा मंदावला की दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरू लागते. त्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. ते गळू लागले की आधी कडेचे दिसणे जाते, मधले शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे नस निम्मी खराब झालेला माणूसही तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचू शकतो. या नेहमीच्या प्रकारात दुखणे नाही, लाली नाही. आणि गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूत धूसर झालेले भिंग बदलता येते, तशी नस बदलता येत नाही. उपचार फक्त शिल्लक राहिलेले राखतात. म्हणून शिल्लक किती असताना आपण डॉक्टरांकडे पोहोचतो, यावर सगळे अवलंबून असते.

केवळ दाब मोजूनही भागत नाही. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर हा साधारण दाब मानला जातो. पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होणारे रुग्ण असतात, तर मर्यादेबाहेर दाब असूनही नस शाबूत राहिलेलेही असतात. शिवाय बुबुळावरचा पारदर्शक पडदा जाड असेल तर यंत्र दाब जास्त दाखवते, पातळ असेल तर कमी. लेझरने चष्मा घालवलेल्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. त्या शस्त्रक्रियेत हाच पडदा पातळ केला जातो, म्हणून दाबाचा आकडा फसवू शकतो. आणि मोठा उणे नंबर असलेला डोळा चष्मा गेल्यावरही आतून तसाच लांबट, ताणलेल्या मागच्या पडद्याचा राहतो. चष्मा गेला म्हणजे तपासणीतून सुटका झाली, असे नाही. म्हणून दाबाबरोबर नसेचा आकार पाहावा लागतो, आणि शंका आली तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करावी लागते. तिच्यात एकेक डोळा झाकून, नजर मध्यावर ठेवून, आजूबाजूला लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. ती कंटाळवाणी आहे हे खरे, पण अंदाजाने बटणे दाबून ती उरकू नये.

सर्वंकष तपासणीतला लोकांना नकोसा वाटणारा भाग म्हणजे बाहुली मोठी करणारे थेंब. ते घालण्यापूर्वी डोळ्यातल्या पाण्याचा निचरा जिथून होतो तो पुढचा कोन अरुंद नाही ना हे पाहिले जाते. थेंबांचा परिणाम व्हायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात आणि पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. तरीही हा भाग टाळू नका. लहान बाहुलीतून पडदा पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली पाहण्यासारखे आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्यात आत पाहण्याच्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या उघड्या दिसतील अशी जागा वैद्यकाला सापडली. वाढलेला रक्तदाब, मेंदूभोवतीचा वाढलेला दाब यांच्या खुणाही तिथे दिसू शकतात.

मधुमेहाच्या खुणा तर विशेषच. रक्तातल्या साखरेने पडद्यावरच्या बारीक वाहिन्या पाझरू लागतात, पुढे नव्या आणि ठिसूळ वाहिन्या उगवतात, आणि त्यांतून रक्तस्राव झाला की एका दिवसात नजर जाऊ शकते. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत दृष्टी ६/६ असू शकते. टाइप २ मधुमेह कळण्याआधी बहुधा काही वर्षे शरीरात असतोच, म्हणून निदान झाले की लगेच पडदा तपासून घ्यावा; टाइप १ मध्ये पहिल्या ५ वर्षांच्या आत. त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी, आणि मधुमेही स्त्री गरोदर राहिली तर अधिक वेळा. वेळेवर दिलेले लेझर आणि इंजेक्शने यांनी पुष्कळांची दृष्टी वाचते.

मुलांबाबत थोडक्यात. जन्मापासून अंधूकच पाहणाऱ्या मुलाला तेच जग वाटते, ते तक्रार कशी करणार? दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर मेंदू कमजोर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांचा उत्तम उपयोग होतो, पुढे तो कमी होत जातो. तिरळेपणाला शुभशकुन मानून गप्प बसू नये. आणि फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

किती वेळा तपासावे? काही त्रास वा जोखीम नसली तरी चाळिशीत एक संपूर्ण तपासणी, पुढे डॉक्टर सांगतील तशी दोन ते चार वर्षांनी, आणि पासष्टीनंतर दरवर्षी किंवा वर्षाआड. आईवडील वा भावंडांना काचबिंदू असेल, अथवा स्टिरॉइडचे थेंब किंवा गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर वयाकडे न पाहता लवकर जावे. डोळे लाल झाले म्हणून जुन्या चिठ्ठीवरचे स्टिरॉइडचे थेंब पुन्हा आणून घालण्याची सवय मात्र आजच सोडावी, कारण त्यांनीही दाब वाढतो. अचानक वीज चमकल्यासारखे दिसले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी जायचे असते.

जाताना जुने चष्मे, चालू औषधांची यादी आणि पूर्वीचे सगळे अहवाल बरोबर घ्या; परतताना गाडी चालवायला दुसरे कोणीतरी असू द्या. अहवाल विशेष जपा. काही माणसांची नस जन्मतःच काचबिंदूसारखी दिसते, आणि एका भेटीत ती पाहून डॉक्टरांना निश्चित सांगता येत नाही. तीन वर्षांपूर्वीचा तिचा फोटो शेजारी ठेवला की ती तशीच आहे की झिजत चालली आहे, हे दोन मिनिटांत कळते.

नमस्कार.