अर्धवट सुचलेलं सांभाळणारं सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी! विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात दशावतारापासून करतो, कारण आपल्या सिंधुदुर्गात रात्रभर चालणाऱ्या या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, आख्यान कुठलं, कोण कधी येणार एवढं आधी ठरतं आणि संवाद कलाकार उभ्या उभ्या रचतात. आता समजा अशा कलाकाराला कुणी अ‍ॅप दिलं आणि ते पहिल्याच स्क्रीनवर नाव, पात्रं, प्रवेश सगळं भरायला लावतंय, त्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. तो फोन खिशात टाकणार, आणि बरोबरच करणार!

अहो, सुचतं ते अर्धवटच सुचतं. टूल बनवताना हे धरूनच चालायला हवं.

लहान मुलांसाठीची लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा 1967 सालची, ती बनवणाऱ्यांतले सेमूर पॅपर्ट सांगायचे की टूलची जमीन खाली हवी आणि छत उंच, म्हणजे नवख्याला चटकन शिरता यावं आणि मुरलेल्याला मोठं काम करता यावं. मिचेल रेस्निक यांनी त्यात रुंद भिंती जोडल्या, ज्याला जे करावंसं वाटेल त्याला जागा हवी ना! त्यांच्याच टीमने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात स्क्रॅच बनवलं, म्हणजे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर, 2007 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की पावसाळ्यात नेट गेलं तरी चालतं. पोराने त्यात दशावतारातला काळा संकासूर काढला, लाल जीभ रंगवली, 10 पावलं चालायचा ब्लॉक लावून क्लिक केलं की तो लगेच सरकतो, 10 चे 100 केले की टुणकन उडी, कुणाला विचारायला नको, काही बिघडत नाही.

आणि अनडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय! मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते अपुरं आहे. पाच पावलं मागे येऊन तुम्ही नवीन रेघ मारली की आधीची वाट पुसली जाते, कायमची. चित्र काढणारा माणूस एकाच वेळी तीन वाटा चाचपत असतो, त्याला तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतात. एआयवाल्या टूलनीही एकदम तयार चित्र हातात देण्यापेक्षा मधले कच्चे टप्पे उघडे ठेवावेत, कुठूनही हात घालून बदलता येतील असे.