तोंडाला कुलूप लागलेले एक वर्ष : ‘स्पीक’ कादंबरीतील आघात आणि सावरणे

मेलिंडा सॉर्डिनो नववीच्या पहिल्या दिवशी शाळेत येते, तेव्हा जवळजवळ सगळी शाळा तिच्यावर डूख धरून बसलेली असते. सुट्टीतल्या एका पार्टीतून तिने पोलिसांना फोन केला आणि पार्टी उधळली गेली, एवढेच सर्वांना ठाऊक आहे. फोन का केला, हे मात्र कोणीही तिला विचारत नाही, अगदी जिवलग मैत्रीण रेचेलसुद्धा नाही. त्या रात्री वरच्या वर्गातील अँडी इव्हान्सने मेलिंडावर बलात्कार केलेला असतो. लॉरी हॉल्स अँडरसन यांची ‘स्पीक’ ही कादंबरी १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि कुमारवयीनांसाठीच्या साहित्यात हा विषय इतक्या थेटपणे मांडणाऱ्या महत्त्वाच्या पुस्तकांत तिची गणना होते.

वाचकाला मात्र हे लगेच कळत नाही. गोष्ट मेलिंडाच सांगते, पण त्या रात्रीच्या जवळपास पोहोचली की ती विषय बदलते, आणि घडलेला प्रसंग सलगपणे समोर येतो तो निम्म्याहून अधिक कादंबरी उलटल्यावर. हा उत्कंठा वाढवण्यासाठी योजलेला डाव नव्हे, असे मला ठामपणे वाटते. आघाताची आठवण अनेकदा सुसंगत गोष्ट म्हणून मनात राहत नाही. ती शरीराच्या आणि भीतीच्या वाटेने, तुकड्यातुकड्यांनी परत येते. जीवशास्त्राच्या तासाला टेबलावर उताणा टाचलेला बेडूक पाहताना मेलिंडाला भोवळ येते आणि पडून तिच्या डोक्याला मार लागतो. वर्गाला दिसते ती एक भित्री मुलगी. तिच्या शरीराने त्या असहाय अवस्थेत काय ओळखले, हे आपल्याला फार नंतर उमगते.

खुणा तर सगळीकडे आहेत. चावून चावून तिच्या ओठांवर खपल्या धरल्या आहेत, बोलायची वेळ आली की घसा दुखतो, गुण घसरत चालले आहेत. चार सत्रांत विभागलेल्या या कादंबरीत प्रत्येक सत्राअखेर गुणपत्रिका येते, आणि स्वयंपाकघरात एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवून संसार चालवणारे आईवडील त्या गुणांवरून रागावतात. मुलीच्या दुःखाला ते बेशिस्त समजतात.

मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले होते : आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. मेलिंडाची वाटचाल अशी आखीव नाही, पण पहिली पायरी तीच आहे. शाळेतील सफाई कामगारांची एक पडीक खोली ती आपलीशी करते आणि तिथल्या आरशावर अमेरिकन कवयित्री माया अँजेलो यांचे चित्र लावून स्वतःचा चेहरा झाकून टाकते. चित्रकलेचे शिक्षक मिस्टर फ्रीमन तिला वर्षभरासाठी एकच विषय देतात : झाड. छापचित्रासाठी लिनोलियमच्या मऊ थरावर कोरलेली तिची झाडे पुन्हा पुन्हा निर्जीव ठरतात, आणि तरीही फ्रीमन ना तिची घाई करतात, ना खोदून प्रश्न विचारतात. या शिक्षकाचे मोठेपण मला त्या धीरात दिसते.

शेवटाकडे अँडी पुन्हा त्या खोलीत तिला गाठतो. ती ओरडते, आरसा फोडते आणि काचेचा तुकडा त्याच्या गळ्याशी धरते. प्रसंग थरारक आहे, पण सावरणे खरे सुरू झाले ते त्याआधी, मुलींच्या स्वच्छतागृहातील भिंतीवर. ज्या मुलांपासून जपून राहावे अशांच्या यादीत मेलिंडाने तिथे अँडीचे नाव लिहिले होते, आणि काही दिवसांनी पाहते तो त्याखाली इतर मुलींच्या हस्ताक्षरांतल्या ओळी उमटलेल्या असतात. आपण एकट्या नाही, हे तिला त्या अनोळखी अक्षरांतून कळते, आणि तेही तोंडातून शब्द फुटण्यापूर्वी.

कादंबरी न्यायालयापर्यंत किंवा उपचारांपर्यंत जात नाही. मेलिंडा फ्रीमन यांच्यापाशी बोलू लागते, तिथेच ती संपते. तेराव्या वर्षी आपल्यावरही बलात्कार झाला होता, हे अँडरसन यांनी ‘शाउट’ या २०१९ मधील पद्यबद्ध आत्मकथनात सविस्तर मांडले. मधल्या काळात ‘स्पीक’ शाळांतून हटवावी अशा मागण्या वारंवार झाल्या, आणि त्याच काळात असंख्य वाचकांनी आपापले अनुभव लेखिकेला पत्रांतून कळवले. त्या पत्रांतील शब्द गुंफून तिने रचलेली कविता कादंबरीच्या नंतरच्या आवृत्तीत छापलेली आहे.